जाळीत अडकलेले आकडे

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. तारेची, तळहाताएवढी, मधे फुगीर आणि कडेला गंजलेली. ठाण्याला नौपाड्यातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एका खिळ्यावर मी टांगलेली असते. येणारेजाणारे मला मोडकी गाळणी समजतात. समजोत बापडे! गाळणीतून ताक जातं. माझ्यातून माणसं गेली आहेत, आणि एक सोडून सगळी परत आली आहेत. त्यांचीच हकीकत आज सांगते.

माझा जन्म शके अठराशे आठचा. दवाखान्याच्या डॉक्टर प्रधानांकडे एक विलायती जाळी होती, ती कोणाच्या तरी पायाखाली चेपली. दुसरी बोटीने यायची म्हणजे सहा महिने. डॉक्टर तडक बाजारात गेले आणि उंदराचे पिंजरे करणाऱ्या एका कारागिरापुढे तो चेपलेला सांगाडा टाकून म्हणाले, "अशीच एक वळून दे." त्याने पिंजऱ्याचं काम बाजूला ठेवलं, त्याच तारेतून मला वळलं आणि मग उरलेल्या तारेचा पिंजरा पुरा केला. म्हणजे उंदराचा पिंजरा माझा सख्खा भाऊ लागतो. हे मी लपवत नाही. घराणं काढणाऱ्यांनी खुशाल काढावं.

काम काय, ते सांगते. माझ्यावर पांढऱ्या फलाणीचा, म्हणजे मऊ लोकरी कापडाचा, एक तुकडा ताणून बसवत. रोग्याला मेजावर निजवलं की मला त्याच्या नाकातोंडावर ठेवत, आणि दवाखान्याचे कंपाउंडर महिपतराव निळ्या बाटलीतून क्लोरोफॉर्मचे थेंब माझ्यावर सोडत. गोडसर, जड वास. रोग्याला सांगत, आकडे मोज. तो मोजायला लागे. एक, दोन, तीन... आवाज हळूहळू जड व्हायचा, जीभ वळेनाशी व्हायची आणि मधेच कुठेतरी आकडा थांबायचा. कोणी अकरावर, कोणी विसावर. महिपतराव म्हणत, "झोपला." मग डॉक्टर सुरी घेत.

पण मित्रांनो, तो थांबलेला नसायचा. बाहेर ओठ थांबायचे, आणि मोजणी माझ्या आत सुरू व्हायची. माझ्या तारांतून, फलाणीच्या आतल्या बाजूने, त्याच आवाजात, त्याच चालीवर. बारा, तेरा, चौदा... मला बाजूला ठेवलं तरी चालूच. डॉक्टर कापत, शिवत, घाम पुसत, आणि इकडे मी त्या माणसाची मोजणी ऐकत बसे. रोगी शुद्धीवर येऊन कण्हला की मोजणी तुटायची. ज्याची त्याने परत नेली, असं मी समजायची. पहिल्या दिवशी मी भ्यायले. पुढे सवय झाली. सवय कशाचीही होते.

माझी खरी मालकीण म्हणजे कलावतीबाई. कल्याणच्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. भावाने जगाची बोलणी खाऊन त्यांना मुंबईला परिचारिकेचं काम शिकायला धाडलं, आणि शिकून त्या ठाण्याला आल्या. अंगाने काटक, बोलायला तुटक, पण हात असा स्वच्छ की देवघरातला तांब्या त्यापुढे मळका वाटावा. प्रत्येक वेळी माझी जुनी फलाणी काढून त्या जाळायच्या, मला उकळायच्या आणि नवी फलाणी स्वतः शिवायच्या. त्यांच्या मांडीवर मी सुखाने पडून असे.

आणि मग पोपट आला.

पोपट हा ताडीच्या झाडावरून पडलेला एक तरणाबांड गडी. पाय सडायला लागला होता, गुडघ्याखाली कापायचा होता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या भावाला बजावलं होतं, सकाळी अन्नाचा कण द्यायचा नाही. भाऊ मान डोलावून गेला. पण सकाळी त्याचं काळीज द्रवलं. एवढा पाय तोडणार, आणि पोराला उपाशीपोटी कसा पाठवू? गुपचूप तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण त्याने पोपटला भरवलं. पोपट चौदावर झोपला. थोड्या वेळाने पोटातलं सगळं उलटून आलं, झोपेतच श्वासाच्या वाटेत गेलं, आणि डॉक्टरांनी काय काय केलं तरी पोपट उठला नाही.

त्याची मोजणी मात्र तुटली नाही. पंधरा, सोळा, सतरा. त्या दिवशी मला उकळत्या पाण्यात टाकलं, तिथेही तो मोजत होता. फडताळात ठेवलं, तिथेही. आठ दिवस गेले, महिना गेला. पोपट मोजतच राहिला. भर दुपारी दवाखाना सामसूम झाला, दारं लोटली, की माझ्यावरची फलाणी आपोआप आत जायची आणि बाहेर यायची. पुढे तोंड नाही, नाक नाही, खोलीत वारा नाही. आत, बाहेर. आत, बाहेर.

एकदा कलावतीबाईंनी ते पाहिलं. हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी मला उचलून कानाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. नंतर महिपतरावांना म्हणाल्या, "यातून कोणीतरी मोजतंय."

महिपतराव हसले. "बाई, क्लोरोफॉर्म चढलाय तुम्हाला. जरा ओसरीवर जाऊन बसा."

त्या ओसरीवर गेल्या नाहीत. पण तेव्हापासून मला रोग्याच्या तोंडावर ठेवण्याआधी त्यांच्या चौकशा सुरू झाल्या. नाव काय तुझं? स्वतः सांग, बायकोला सांगू देऊ नको. कुठला पाय, हात लावून दाखव. सकाळपासून काय खाल्लंस? खोटं बोललास तर गाठ माझ्याशी आहे. बांगड्या उतरव, नथ काढ. आणि शेवटी, तोंड उघड! मग बोट घालून जिभेखाली, दोन्ही गालांत, दाढांमागे चाचपून बघायच्या. तुम्हाला सांगते, काय काय निघायचं! सुपारीची खांडं, तंबाखूची गोळी, हलणारा दात. एका भिक्षुकबुवांच्या गालात लवंग निघाली, तर बुवा संतापून मेजावरून उठूनच बसले. शस्त्रक्रिया झाली की जखम शिवण्याआधी त्या आत घातलेले पुसणीचे सगळे तुकडे मोजायच्या, एक कमी भरला तर डॉक्टरांचा हात धरायच्या. डॉक्टर करवादायचे. तुकडा सापडला की गप्प बसायचे. तीन वर्षं अशी गेली, आणि माझ्या आत दुसरा पोपट आला नाही.

तिसरं वर्ष सरताना, माघ महिन्यात, रतन आली.

रतन मानपाड्याकडची, मिठागरात टोपल्या वाहणारी. वय असेल वीस-बावीस. दीड वर्ष तिचं पोट वाढत होतं. आधी गावाला वाटलं दिवस गेले. नऊ महिने झाले, बारा झाले, बाळ काही येईना. मग गाव कुजबुजायला लागलं. खाडीतलं काहीतरी तिच्या पोटात शिरलं म्हणे, ते जन्म घेणार नाही आणि तिला सोडणारही नाही. बायका तिच्या सावलीतून बाजूला व्हायच्या. अखेर तिच्या नवऱ्याने, काळुरामने, बैलगाडी जुंपली आणि शिळ गावावरून तिला ठाण्याला आणलं. बरोबर त्याची आई धाकूबाई. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "भूतबित काही नाही. गोळा आहे. काढला तर वाचेल. नाही काढला तर आषाढ बघायची नाही."

रतन वाचणार की नाही, एवढाच आता प्रश्न होता. काढायचं ठरलं.

त्या सकाळी कलावतीबाई हात धुऊन रतनकडे निघाल्या, तोच धाकूबाई आडवी आली. "बाय, तू रागावू नको. पन माझी सून सवाष्ण हाय. आज जीवावरचा दिस. तुझा हात नको लागाला तिला."

कलावतीबाई जागीच थांबल्या. हे त्यांना नवं नव्हतं, पण अंगावर पाल पडावी तसं दर वेळी व्हायचंच. त्या म्हणाल्या, "आजी, मला फक्त तिचं तोंड बघायचंय."

"तोंड तर मुळीच नको!" धाकूबाई अशी दचकली की काळुरामही वळून बघायला लागला. तो म्हणाला, "आये म्हनते तसं करा, नायतर आमी गाडी जुपतो."

डॉक्टर प्रधान वाईट नव्हते हो. पण घाईत होते. रतन परत गेली तर मेलीच, हे त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "कलावतीबाई, आजच्या दिवस तुम्ही बाहेर थांबा. महिपतराव बघतील सगळं."

महिपतरावांनी काय बघितलं? परक्या बाईच्या तोंडात बोट कसं घालायचं, म्हणून संकोचले. तिचा पदर न हटवताच विचारलं, "तोंडात काही नाही ना?" रतनने मान हलवली. झालं बघणं! मला तिच्या तोंडावर ठेवलं. खोलीचं दार लोटलं, आणि दाराबाहेर ओसरीवर दोघी राहिल्या. एक विधवा आणि एक सासू.

"मोज," महिपतराव म्हणाले.

"येक... दोन... तीन..."

मला तिचा श्वास लागला आणि माझ्या तारा गार पडल्या. त्या श्वासाला तुळशीचा वास होता. आणि त्यात काहीतरी खुळखुळत होतं, दाताला लागत होतं. मी ओरडले, मित्रांनो. जाळीच्या ओरडण्याने काय होतं! थेंब पडत राहिले.

"पाच... सा... सात..."

बाहेर कलावतीबाईंनी मान वर केली. तीन वर्षं त्या ही मोजणी ऐकत होत्या, झोपेने जड होणारी जीभ त्यांना पाठ होती. ही जीभ जड नव्हती, ती कशाला तरी सांभाळून बोलत होती. गालात सुपारी धरलेली बाई बोलते तशी. त्या धाकूबाईकडे वळल्या.

"आजी, तिच्या तोंडात काय आहे?"

धाकूबाईने पदर तोंडावर दाबला.

"आजी! काय घातलंत?"

"सोनं," म्हातारी म्हणाली. "माझ्या गल्यातल्या पोतीतला मनी. आन तुळशीचं पान. मला आत येऊ देनार नाय म्हनले. पोर तिकडं एकटी मेली, तर तिच्या तोंडात कोन घालनार? मोकल्या तोंडानं गेली तर भटकंल ना गो ती!"

कलावतीबाईंनी दार ढकललं. आत रतन अठरावर थांबली होती आणि महिपतराव नुकतंच "झोपली" म्हणाले होते. तिच्या घशातून एक घरघर आली, मग तीही बंद झाली. छाती वर उचलली जात होती, पण हवा आत जात नव्हती. ओठ जांभळे पडायला लागले. कलावतीबाईंनी मला हिसकून फेकलं ते मी जमिनीवर आपटून मेजाखाली, बादलीला टेकून पडले. तिथून मला फक्त पाय दिसत होते. डॉक्टरांचे बूट, महिपतरावांच्या वहाणा, आणि कलावतीबाईंची अनवाणी पावलं.

आणि माझ्या आत रतन मोजत होती. एकोणीस, वीस. तिला विसापुढे येत नव्हतं, मिठाच्या टोपल्या ती विसाविसाने मोजायची. वीस न येक. वीस न दोन. तिच्या पलीकडे पोपट, कुठल्या कुठे कोटींत पोचलेला. तीन वर्षं तो एकटाच मोजत होता. आज त्याला सोबत लागली, आणि तो हळू झाला. खरंच सांगते, तो तिच्यासाठी थांबला. त्याचा एक आकडा, तिचा एक आकडा. त्याचा एक, तिचा एक. दोघांची चाल एक व्हायला लागली, वाटेत भेटलेली दोन माणसं पाऊल जुळवून चालायला लागतात तशी. माझ्यावरची फलाणी आत-बाहेर होत होती आणि मी देवाला म्हणत होते, नको रे, ही नको.

वर कलावतीबाई ओरडत होत्या. "कुशीवर करा! डोकं खाली! जीभ धरा डॉक्टर, पुढे ओढा!" सवाष्ण, विधवा, सगळं कुठल्या कुठे गेलं. त्यांचं बोट रतनच्या घशात होतं. "लागतोय... निसटला... परत लागतोय..."

दोन विसा न नऊ. दोन विसा न धा.

"निघत नाही," महिपतरावांचा आवाज रडवेला झाला.

"गप्प बसा आणि पाठीत थापटा!"

तीन विसा न पाच. तीन विसा न सा. पोपटची आणि तिची चाल आता इतकी जुळली की मला दोन आवाज वेगळे काढता येईनात. तीन विसा न...

टिंग! काहीतरी फरशीवर पडून माझ्यापर्यंत घरंगळत आलं. सोन्याचा एक पोकळ मणी, छोट्या बोराएवढा, त्याला चिकटलेलं तुळशीचं चुरगळलेलं पान. वर रतन खोकली, भांडं घासावं तशी कर्कश खोकली, आणि मग रडली. माझ्या आतली तिची मोजणी तुटली. पोपट क्षणभर थांबला आणि एकटाच पुढे निघाला.

त्या दिवशी गोळा काढला नाही. डॉक्टरांनी सुरी परत ठेवून दिली. ते म्हणाले, "चूक माझी."

"माझीही," कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा म्हणालात आणि मी थांबले. आता नाही थांबणार. मी तोंड बघितल्याशिवाय ही जाळी कोणाच्या तोंडावर जाणार नाही. मंजूर नसेल तर आजच कल्याणला जाते."

डॉक्टरांनी होकार दिला. पण काळुराम आता ऐकेना. गाडी जुंपतो म्हणून बसला. चार दिवस रतन दवाखान्यात पडून होती, तिचा घसा सुजलेला, पोट तसंच, आणि बाहेर नवरा-सासूची खलबतं. गोळा काही कोणासाठी थांबणार नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी कलावतीबाई माझी फलाणी शिवत ओसरीवर बसल्या होत्या, तेव्हा धाकूबाई येऊन समोर उकिडवी बसली. मणी तिच्या मुठीत होता.

मला वाटलं, आता बाई म्हातारीला चांगल्या झाडणार. झाडलं असतं तर चुकलं नसतं! सुनेचा जीव जाता जाता राहिला होता. पण कलावतीबाई टाका घालत राहिल्या.

धाकूबाईच म्हणाली, "घेऊन जायाचं म्हनतो पोरगा. घरी मरंल ती. घरी मी असंन तरी तिच्याजवल. हितं कापताना गेली, तर सोनं कवा घालू मी? सांग ना बाय. तू शिकलेली हायस."

कलावतीबाईंची सुई थांबली. त्यांनी हात पुढे केला. "तो मणी माझ्याकडे द्या."

"तुझ्याकडं?"

"चिंधीत बांधून मी तो तिच्या उशाशी ठेवते. मी तिथून हलणार नाही. ती जायला लागली, तर मी स्वतः तिच्या तोंडात घालीन, पाणीही घालीन. ती एकटी नसेल आजी. माझा हात चालत असेल तर."

म्हातारी त्या हाताकडे बघत राहिली. हाच हात तिने अडवला होता. रतनच्या घशात गेला होता तोही हाच. कडेच्या दोन बोटांवर रतनच्या दातांचे व्रण अजून काळेनिळे होते. धाकूबाईने मणी त्या तळहातावर ठेवला आणि वरून स्वतःचे दोन्ही हात दाबून धरले. "तू घाल," ती म्हणाली. "तू घातलंस तर पोचंल तिला." आणि अंगणात उभ्या काळुरामकडे वळून खेकसली, "काय बघतंस? बैलांना चारा टाक. आपन जात नाय."

दुसऱ्या दिवशी कलावतीबाईंनी रतनला नाव विचारलं, उपाशी आहेस ना विचारलं, तोंड उघडायला लावलं. रतनने आपणहून एवढं मोठं उघडलं की महिपतरावांनासुद्धा पार पडजीभ दिसली. चिंधी उशाशी ठेवली. मला तिच्या तोंडावर ठेवलं. या खेपेला तिचा श्वास मोकळा होता. पंधरावर झोपली. आत मोजायला लागली, आणि पोपट पुन्हा तिच्याजवळ आला. पण तिची चाल त्याच्याशी जुळली नाही. ती भराभर, घाईने, टोपल्या उतरवून घरी जायचं असावं तशी मोजत होती. दीड तासाने डॉक्टरांनी कलिंगडाएवढा गोळा परातीत ठेवला. पुसणीचे तुकडे मोजून पुरे भरले. टाके पडले. थोड्या वेळाने रतन कण्हली आणि "पाणी" म्हणाली.

कलावतीबाईंनी चिंधी उचलली, ओसरीवर गेल्या आणि न सोडलेली गाठ तशीच धाकूबाईच्या ओटीत टाकली. "लागलं नाही," त्या म्हणाल्या. म्हातारी रडायला लागली ती थांबेचना.

पुढे विलायतेहून नवी जाळी आली, चकचकीत. मला खिळ्यावर टांगलं. वर्षात एकदा कोणी धूळ झटकलीच तर झटकली. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? आता माझ्यावर फलाणी नसते, तरी दुपारी कोळिष्टकं आत-बाहेर हलतात. हल्ली इथे दोन मुली काम शिकायला आल्या आहेत. त्या कुजबुजतात, ही जाळी श्वास घेते, आणि माझ्याखालून पळत जातात. पळू नका गं. उभ्या राहा, आणि मित्रांनो, तुम्हीही ऐका.

कोणाला झोपवणार असाल, तर आधी त्याला तोंड उघडायला सांगा. लाजू नका, आणि कोणी बाहेर थांबा म्हटलं तर थांबू नका. आत काही सापडलं तर त्याच्या माणसांवर ओरडू नका. कोणीतरी भिऊन, जीव तुटून ते तिथे ठेवलेलं असतं. ते हळूच काढा, चिंधीत बांधा, उशाशी ठेवा, आणि माणूस जागा होईपर्यंत तिथून हलू नका.